पटवून देण्याची विद्या : तर्क, भावना आणि शब्दाचे वजन

एप्रिल महिना उजाडला की आमच्या सोलापुरात वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. संस्थेच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून गेली काही वर्षे मलाही बसवले जाते. बँकेतला माणूस आकडेमोडीत चुकणार नाही, एवढीच माझी पात्रता असावी. परीक्षकाच्या हाती गुणपत्रिका असते. विषयाची मांडणी, भाषाशैली, आवाज, हावभाव, वेळेचे भान. प्रत्येकी १० गुण, एकूण ५०. एक रकाना मात्र त्या कागदावर मी कधीच पाहिला नाही. ऐकणाऱ्याला पटले का?

एका वर्षी नववीतल्या एका मुलाने व्यसनमुक्तीवर भाषण केले. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, मुठी आवळून केलेला शेवट. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला आणि पहिला क्रमांक त्यालाच मिळाला. बक्षीस घेऊन तो पायऱ्या उतरत असताना मी सहज विचारले, "बाळ, तुझं घरी कुणी ऐकलं का?" तो जरा थबकला आणि म्हणाला, "सर, घरी मी बोललोच नाही."

त्या उत्तराने मी बेचैन झालो. ज्या एका माणसासाठी ते भाषण हवे होते त्याच्यापुढे ते झालेच नव्हते. आपण वक्तृत्व शिकवतो ते टाळ्यांसाठी, पटवून देण्यासाठी नव्हे. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. संस्थेच्या तरुण सभासदांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे त्याविषयी चार विचार मांडावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वशास्त्रावर ग्रंथ लिहिला. श्रोत्यांचे मन वळवण्याची तीन साधने त्याने सांगितली. लोगॉस म्हणजे तर्क, पॅथॉस म्हणजे श्रोत्यांच्या मनातील भावना आणि इथॉस म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता. नावे परकी असली तरी वस्तू घरचीच आहे. आपल्याकडे म्हणतात, बोलणे मुद्द्याचे हवे, काळजाला भिडणारे हवे आणि बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन हवे. बँकेत कर्जाचा अर्ज येतो तेव्हाही हेच तिन्ही धागे असतात. उत्पन्नाचा हिशेब हा तर्क झाला. मुलीची फी भरायची आहे, ही निकड भावना झाली. आणि मागचे कर्ज वेळेवर फेडले आहे, जामीनदार भला आहे, ही झाली विश्वासार्हता. तिन्हींपैकी एक जरी लंगडे असले तरी अर्ज टेबलावर पडून राहतो.

ॲरिस्टॉटलची एक बारीक सूचना मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोलणाऱ्यावरचा विश्वास त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, तर त्याच्या बोलण्यातूनच निर्माण झाला पाहिजे, असे तो म्हणतो. याचे प्रत्यंतर पुढे एका मोठ्या प्रसंगात पाहू. आधी माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही.

२०१२ सालची गोष्ट. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. विड्या वळून त्यांनी आयुष्य काढले. मुलीला नर्सिंगला घालायचे म्हणून ४० हजार रुपये साठवले होते. त्या सुमारास एक योजना वस्तीत आली, तीन वर्षांत पैसे दुप्पट. योजना आणणारा मावशींच्या बहिणीचा मुलगा होता. मला कळताच मी तडक गेलो आणि दारातच, चार बायका बसलेल्या असताना, हिशेब मांडला. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात हे काढायची सोपी रीत आहे, ७२ ला वर्षांनी भागावे, म्हणजे ढोबळ व्याजदर मिळतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्या काळी आमच्या बँकेत मुदत ठेवीला सुमारे ९ टक्के मिळत होते. जो २४ टक्के देतो तो स्वतः किती कमावत असेल? कोणत्या धंद्यात? "एवढंसुद्धा कळत नाही का मावशी तुम्हाला?" असे मी वर हसून म्हणालो.

हिशेब बिनचूक होता. मावशी म्हणाल्या, "तू बँकेतला हायस, तुला तुझ्या बँकेचंच चांगलं दिसणार. ते पोरगं माझ्या मांडीवर खेळलंय." चार बायकांनी माना डोलावल्या. पैसे योजनेत गेले. दीड वर्षाने कार्यालयाला कुलूप लागले आणि मुलीचा प्रवेश हुकला.

कित्येक दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की आपण बरोबर होतो, त्यांनी ऐकले नाही. पुढे उमगले की पराभव माझा होता. माझ्याकडे तर्क होता, पण तो मी चारचौघांत त्यांच्या तोंडावर फेकला होता. मुलीविषयीची त्यांची धडपड, घाई, तीन वर्षांनी फी वाढलेली असेल ही धास्ती, यातले एक अक्षर मी उच्चारले नाही. भाच्याने ते उच्चारले होते. आणि माझ्या शब्दाला वजन का असावे? मी पगारदार माणूस. ठेव आमच्या बँकेत आली तर माझाच फायदा, असा संशय त्यांना येणे साहजिक होते. तो संशय दूर करणे माझे काम होते. "मावशी, पैसे आमच्या बँकेत ठेवू नका, पोस्टात ठेवा" एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

यानंतर मी बाबासाहेबांची भाषणे पुन्हा वाचायला काढली. या वेळी विचारांसाठी नव्हे, तर त्यांनी माणसांचे मन कसे वळवले हे पाहण्यासाठी. आपण बाबासाहेबांना विद्वान म्हणतो, कायदेपंडित म्हणतो. पण आपल्याच माणसांना नको असलेली गोष्ट पटवणे हे वक्त्यासाठी सर्वांत अवघड काम, आणि ते त्यांनी महाडला करून दाखवले.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले, हे आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काय घडले याविषयी मात्र मनुस्मृतिदहनापलीकडे फारसे बोलले जात नाही. सत्याग्रह परिषद २५ डिसेंबरला सुरू झाली ती पुन्हा तळ्यावर जाऊन पाण्याचा हक्क बजावण्यासाठी. गावोगावचे लोक घरदार सोडून, भाकरी बांधून आले होते. मार्चमध्ये परतीच्या वाटेवर आपल्या लोकांना झालेली मारहाण त्यांच्या मनात ताजी होती. पण परिषदेपूर्वीच तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा करून काही स्पृश्य मंडळींनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. जिल्ह्याचे कलेक्टर परिषदेत येऊन थांबण्याचा सल्ला देऊन गेले. लोकांचा कल उघड दिसत होता. तुरुंगात जाऊ, पण तळ्यावर जाऊ.

अशा वेळी वक्त्याने काय करावे? संतापलेल्या सभेपुढे संतापाचीच भाषा बोलणे सर्वांत सोपे. जयजयकार होतो. बाबासाहेबांनी २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. त्यामागचा विचार स्वच्छ होता. आपला झगडा स्पृश्यांशी आहे. मनाईहुकूम मोडला की तो सरकारशी होईल, आणि मग दोन आघाड्यांवर एकदम लढावे लागेल. कोर्टात आपली बाजू खरी आहे, ती आधी तडीस नेऊ.

हा झाला तर्क. तो निर्दोष होता म्हणून लोकांनी मानला, असे कोणी समजू नये. निर्दोष तर्क मावशींच्या दारात माझ्याकडेही होता. इथे सांगणारा माणूस कोण होता ते पाहा. मार्चमध्ये ओंजळ पाण्यात पहिली घालणारा तोच होता. मार खाऊन आलेली, सूडाच्या आज्ञेची वाट पाहणारी माणसे समोर असताना त्यांना शांत ठेवणाराही तोच. मनुस्मृतीचे दहन होऊन दोनच दिवस झाले होते. हा माणूस भिऊन मागे सरतो आहे असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती. माघारीचा सल्ला पटवायचा असेल तर देणाऱ्याने आधी पुढे चालून दाखवलेले असावे लागते.

आणि भावनेचे काय? ती त्यांनी दडपली नाही. ठराव झाल्यावर लोकांना तसेच घरी पाठवले नाही. हजारोंची मिरवणूक निघाली, गावातून चवदार तळ्याभोवती फिरली, पाण्याला न शिवता परत आली. पायांना चालायला मिळाले, घशाला घोषणा द्यायला मिळाल्या, आणि कायदाही अबाधित राहिला. मला या निर्णयाचे फार कौतुक वाटते. श्रोत्याच्या मनातल्या भावनेला वाट करून दिली नाही तर ती तर्काला धक्का मारून बाहेर पडते, हे त्यांनी ओळखले होते. कोर्टाचे काम दीर्घकाळ चालले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे. तेवढा धीर त्या सभेने धरला होता.

याच परिषदेत त्यांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले त्याचा परिणाम तर दुसऱ्या दिवशीच दिसला. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि जड, ओबडधोबड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि बायकांनी नेसण्याची रीत तिथल्या तिथे बदलली. माझ्या गुणपत्रिकेतला हरवलेला रकाना तिथे भरलेला दिसतो.

आता दुसरा प्रसंग. त्यात सभा आपली नव्हती, विरोधकांची होती.

१९४६ च्या डिसेंबरात दिल्लीत संविधान सभा भरली. १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सभासद गैरहजर होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी दुरुस्ती सुचवली, की लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत या ठरावावरील मतदान पुढे ढकलावे. जयकर म्हणजे मुरलेले कायदेपंडित, त्यांच्या इंग्रजीची ख्याती. त्यांचे मुद्दे सबळ होते. पण सभागृह चिडले, व्यत्यय आले, टीका झाली.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसादांनी अचानक बाबासाहेबांचे नाव पुकारले. त्यांच्या आधी वीसबावीस वक्त्यांची नावे असल्याने आपली पाळी उद्या येईल असे त्यांना वाटत होते, आणि तसे त्यांनी सांगूनही टाकले. सभागृहात बहुमत काँग्रेसचे. ज्या पक्षाशी त्यांनी वीस वर्षे वाद घातला, ज्या पक्षाने त्यांना मुंबईतून निवडून येऊ दिले नाही आणि ज्यांना बंगालमधून यावे लागले, असे ते सभासद. सांगायचे होते तेच, जे जयकरांनी सांगून ओरडा ओढवून घेतला होता. ठराव आज मंजूर करू नका.

त्यांनी सुरुवात कशी केली? प्रथम ठरावावरच टीका. नेहरूंसारख्या समाजवादी म्हणवणाऱ्या माणसाकडून आपली अधिक अपेक्षा होती, हक्क सांगितले पण ते मोडल्यास उपाय सांगितला नाही, असे ते म्हणाले. म्हणजे गोड बोलून विश्वास मिळवण्याचा प्रयत्न नाही. मग स्वतःविषयी एक कबुली. आज आपण परस्परविरोधी छावण्यांत विभागलो आहोत, आणि मीही कदाचित अशाच एका छावणीचा नेता आहे. आणि त्याला जोडून ठाम ग्वाही, की एवढे असूनही काळ आणि परिस्थिती अनुकूल झाली की या देशाला एक होण्यापासून जगातील कोणतीही शक्ती रोखू शकणार नाही. ज्यांना फुटीर म्हटले गेले त्या नेत्याच्या तोंडून ही ग्वाही आली आणि सभागृहाचा नूर पालटला. टाळ्या पडल्या. विश्वास पूर्वपुण्याईतून नव्हे, बोलण्यातूनच उभा राहिला. ॲरिस्टॉटलचे म्हणणे ते हेच.

विश्वास मिळाल्यावर मगच तर्क आला. ठराव मंजूर करण्याचा सभेला हक्क आहे की नाही हा प्रश्नच त्यांनी बाजूला सारला. हक्क असेल. पण असे करणे शहाणपणाचे आहे का? सामर्थ्य एक, शहाणपण दुसरे. वाद मिटवण्याचे मार्ग तीन, एकाने शरण जाणे, वाटाघाट किंवा युद्ध. यांपैकी कोणता हवा, ते सांगा. बळाचा वापर किती तोकडा ठरतो यासाठी त्यांनी इंग्लंडच्याच एडमंड बर्कचा आधार घेतला. अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून बर्क त्याच्या पार्लमेंटमध्ये बोलला होता.

ठराव त्या दिवसांत मतास टाकला गेला नाही. २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला. जयकर आणि बाबासाहेब यांचे म्हणणे एकच होते. फरक कुठे पडला, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना नेहमी घालतो. माझ्या मते जयकरांनी सभेला तिची मर्यादा दाखवली आणि बाबासाहेबांनी तिचा मोठेपणा. श्रोत्याला लहान करून कोणी काही पटवू शकत नाही. मी मावशींना लहान केले होते.

तर्काचा कोरडा पण भक्कम नमुना हवा असेल तर २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण काढावे. संविधानाला फार वेळ लागला, पैशांची नासाडी झाली, असा आक्षेप होता. त्यावर रागावून काही उपयोग नव्हता. त्यांनी आकडे समोर ठेवले. आपल्याला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस लागले. अमेरिकेला ४ महिने लागले खरे, पण त्यांची कलमे ७. आपली ३९५. ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे लागली आणि कलमे १२८. शिवाय त्या देशांना दुरुस्त्यांचा डोंगर चढावा लागला नव्हता. इथे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आक्षेप तिथेच संपला. याच भाषणात त्यांनी श्रेय बी. एन. राव आणि मसुद्याचे काम करणारे एस. एन. मुखर्जी यांना दिले. श्रेय वाटून दिल्याने शब्दाचे वजन घटत नाही, वाढते. आपल्या मंडळांच्या अहवालात अध्यक्षांनी हे करून पाहायला हरकत नाही. असो.

'मुक्ती कोण पथे?' या नावाने प्रसिद्ध असलेले ३१ मे १९३६ चे मुंबईचे भाषण मी मुद्दाम सर्वांत शेवटी घेतले आहे, कारण त्यात तिन्ही साधने एकमेकांत मिसळून गेली आहेत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती. आता ती आपल्या माणसांना समजावून सांगायची होती. विषय धर्माचा, श्रोते कष्टकरी, बहुसंख्य निरक्षर. त्यांनी सुरुवात नावाड्याच्या दाखल्याने केली. नाव सोडण्यापूर्वी नावाड्याला किती उतारू आहेत हे कळावे लागते, मगच तो सामान भरतो. मीही आधी तुमचा अंदाज घेतो आहे. एवढ्या एका दाखल्याने श्रोता प्रवासी झाला, आणि निर्णय त्याच्या हाती आला. मग त्यांनी बळाचा हिशेब मांडला. मनुष्यबळ, द्रव्यबळ, मनोबळ, ही तीन बळे लागतात. आपल्याकडे यांतले कोणते आहे? खेड्यात विखुरलेली माणसे, रिकामा हात, शतकानुशतके मारलेले मन. नसेल तर ते बाहेरून आणावे लागेल. हा हिशेब ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावाशी ताडून पाहिला असणार. शेवटी आले एकामागून एक प्रश्न, उत्तर श्रोत्यानेच द्यावे असे. आणि समारोप बुद्धाच्या त्या उपदेशाने, जो परिनिर्वाणापूर्वी आनंदाला केला, की स्वतःच स्वतःचा आधार व्हा, दुसऱ्या कोणाला शरण जाऊ नका.

ज्या नेत्याच्या शब्दावर लाखो माणसे उठून चालू लागली असती त्याने भाषण संपवताना 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे न म्हणता 'स्वतःवर ठेवा' असे म्हणावे, यात मला सर्वांत मोठी शिकवण दिसते. आणि येथेच या विषयाची दुसरी बाजू सुरू होते, जी पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्राच्या पुस्तकांत सहसा नसते. ती म्हणजे ऐकणाऱ्याची बाजू.

कोसल देशात केसपुत्त नावाचे कालामांचे गाव होते. तेथे अनेक पंथांचे आचार्य येत. प्रत्येक जण आपले मत थोर, दुसऱ्याचे फोल असे सांगे. गोंधळलेल्या कालामांनी तथागतांना विचारले, की यातले खरे कोण मानायचे? अंगुत्तर निकायातील या सुत्तात बुद्धाने दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या आधारे काही खरे मानू नये. ऐकीव आहे म्हणून नको, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको. इथवर आपण सारे टाळ्या वाजवतो. पण यादी पुढे जाते. केवळ तर्काला पटते म्हणूनही नको. बोलणारा लायक दिसतो म्हणूनही नको. हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही नको.

म्हणजे ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या साधनांपैकी नुसता तर्क आणि नुसती विश्वासार्हता, दोन्ही अपुरी ठरली. मग कशावर विश्वास ठेवायचा? बुद्ध उत्तर देत नाहीत, विचारतात. माणसाच्या मनात लोभ उपजला तर तो त्याच्या हिताचा की अहिताचा? कालाम म्हणतात, अहिताचा. द्वेष? अहिताचा. मोह? अहिताचा. लोभाने ग्रासलेला माणूस हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो, हे खरे ना? खरे. उत्तरे कालामांचीच. आचरणाने हित होते की अहित, हे स्वतः जाणून मग स्वीकारा किंवा टाका. पुढे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोनच प्रमाणे मानली, शब्दप्रमाण वेगळे मानले नाही. याची मुळे अशा उपदेशात दिसतात.

भावनेला बुद्धांनी कमी लेखले, असे मात्र नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला त्यांनी मरण अटळ आहे असा तर्क ऐकवला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. दारोदार ती काय ऐकत फिरली असेल! प्रत्येक घराने तिला आपले दुःख सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत जे कळायचे ते तिला कळले. ते कोणी तिच्या गळी उतरवले नव्हते.

मावशींचा भाचा पुन्हा आठवतो. त्याच्याकडेही तिन्ही साधने होती. छापील तक्ता होता, मुलीच्या भवितव्याची भाषा होती, रक्ताचे नाते होते. आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे, तो लबाड नव्हता. त्याने स्वतःचे आणि सासऱ्याचेही पैसे त्यातच घातले होते, ते बुडाले. तो मनापासून बोलत होता, म्हणूनच त्याचे पटले. बोलणारा प्रामाणिक असला तरी बोलणे खोटे असू शकते. कालामांच्या यादीतील 'आमचा आहे म्हणून नको' हे कलम माझ्यासाठी त्या दिवशी पुस्तकातून उठून वस्तीत आले.

पैसे बुडाल्यावर मी मावशींकडे गेलो. प्रथम, मी तुम्हाला चारचौघांत हसलो ते चुकले, असे म्हणालो. तक्रारीचा अर्ज लिहून दिला. मग हिशेब न सांगता विचारू लागलो. पैसे घेणारा ते कशात घालणार, हे तुम्ही विचारलं होतं का? मध्येच लागले तर कोणाकडून मागायचे, हे ठरलं होतं का? त्या सांगत गेल्या, मी ऐकत गेलो. मुलीने पुढे एक वर्ष दुकानात काम केले आणि नंतर नर्सिंगला प्रवेश घेतला.

विद्यार्थ्यांसाठी म्हणून एवढेच सुचवतो. भाषण लिहायला बसण्यापूर्वी ते कोणाला पटवायचे आहे त्या एका माणसाचे नाव कागदाच्या डोक्यावर लिहा. त्याची अडचण काय, भीती काय, तुमच्यावर त्याने विश्वास का ठेवावा, हे खाली लिहा. मुद्दे त्यानंतर. महापालिकेकडे अभ्यासिकेसाठी अर्ज करायचा असला तरी हीच रीत. किती मुले, किती जागा, घरात दिवा कुठे असतो, आणि संस्थेने आजवर स्वतः काय केले. नुसता 'अन्याय' हा शब्द तीन वेळा लिहून फाइल हलत नाही, हे टेबलापलीकडे बसणारा माणूस म्हणून सांगतो. पुढच्या वर्षी गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा, असे मी समितीला सुचवले आहे. चर्चा चालू आहे. मला अजून त्यांना पटवायचे आहे.

२०१९ साली गल्लीत नवी योजना आली. या वेळी एक नीटनेटका तरुण मोटारसायकलवरून आला होता. मी बँकेतून परतत होतो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला चहा दिला आणि विचारले, "पैसे कशात घालताय?" तो काहीतरी बोलला. "मधीच लागले तर कुणाच्या दारात जायचं?" तोही प्रश्न त्याने निभावून नेला. मग मावशींनी तिसरा प्रश्न विचारला. तो मी त्यांना शिकवलेला नव्हता.

"तुझ्या आईचे किती हायेत यात?"

त्याने अर्धा चहा तसाच ठेवला.